बीपी मशीन सदोष असल्याबाबत

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.१५

आजपासून नोंदी ठेवते आहे. कारण तांत्रिक आहे, भावनिक नाही. शुक्रवारी कारखान्याच्या दवाखान्यात साइटसाठी फिटनेस तपासणी झाली. बीपी १५८ वर ९८, नाडी ११२. माझं वय सत्तावीस, वजन बावन्न, चहा दिवसाला दोन. या आकड्यांचा माझ्याशी संबंध असणं शक्य नाही. सबब मशीन सदोष आहे.

साइटची बदली एक वर्षाची. नव्या प्लांटची सगळी प्रेशर गेजं तपासायची, सह्या करायच्या. टीमची प्रमुख मी. अट एकच: बीपी १४० वर ९० च्या आत. फेरतपासणी २५ मार्चला, म्हणजे बावीस दिवस आहेत. एखाद्या उपकरणाचा दोष सिद्ध करायला मला सहसा चाळीस मिनिटं लागतात.

साइटच्या क्वार्टर्समध्ये नातेवाइकांना राहायची परवानगी नाही. हा मुद्दा गौण.

मंगळवार, ४ मार्च. संध्याकाळी ६.४०

घरी नवं मशीन आणलं. सीलबंद. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं शांत बसून: ११६ वर ७४. सिद्ध.

७.०५. धाकट्या भावाचा फोन. म्हणाला, बाबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, तुझ्याकडचं हॉस्पिटल चांगलं आहे, माझ्या घरात तान्हं बाळ, कोण कुणाकडे बघणार, ताई, दोनच आठवडे. मी म्हटलं, हरकत नाही. १५ तारखेला येतायत.

७.१२. १५२ वर ९६. फोन धरताना हात खांद्याच्या वर होता. रीडिंग बाद.

७.२०. १४९ वर ९५. आधी पाणी प्यायले होते. बाद.

७.३०. नव्या बॅटरीचा भरवसा नसतो. उद्या पुन्हा.

बुधवार, ५ मार्च. दुपारी १.४०

जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यात गेले. सिस्टर वीस वर्षं इथे आहेत. वेल्डरपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना अरेतुरे करतात. त्या विणत होत्या. मी मशीनच्या मागचं लेबल पाहिलं. शेवटच्या तपासणीची तारीख पुसलेली. आमच्या नियमानुसार तारीख वाचता येत नसेल तर उपकरण सेवेतून बाहेर. खिशातला लाल स्टिकर काढला, त्यावर ‘वापरू नये’ लिहिलं, सही केली, मशीनच्या काचेवर चिकटवला.

सिस्टर म्हणाल्या, अगं, हे काय करतेस? मी म्हटलं, प्रोसिजर. त्या म्हणाल्या, माझ्या टेबलावर तुझी प्रोसिजर? मी म्हटलं, टेबल कुणाचं यानं फरक पडत नाही.

बाहेर आल्यावर नाडी ७८. इतकं हलकं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

गुरुवार, ६ मार्च. ११.००

साहेबांनी बोलावलं. काल दुपारी एक वेल्डर चक्कर येते म्हणून दवाखान्यात गेला, सिस्टरनी त्याला लाल स्टिकर दाखवून परत पाठवलं, आणि ही बातमी चहाच्या वेळेपर्यंत तीन शेडमध्ये फिरली. साहेब म्हणाले, दवाखाना तुमच्या खात्यात कधीपासून आला? मग म्हणाले, लावलाच आहे स्टिकर तर आता तपासा, आणि उद्या संध्याकाळपर्यंत मला कागद द्या.

साहेब बोलताना पेनानं टेबलावर टकटक करतात. माझं पूर्ण लक्ष त्यांच्या बोलण्याकडे होतं. टकटक एकतीस वेळा.

शुक्रवार, ७ मार्च. ४.५०

दवाखान्याचं मशीन बेंचवर घेतलं. शून्यापासून तीनशेपर्यंत, दर पन्नासला थांबत वर, मग तसंच खाली. उतरताना बघायचं असतं. वर्षानुवर्षं जास्त दाबाखाली राहिलेलं गेज चढताना बरोबर दाखवतं, पण दाब काढून घेतला तरी त्याची सुई शून्यावर येत नाही, वीस-पंचवीसवर रेंगाळत राहते. नव्या मुलांना मी सांगते, सुईला टिचक्या मारू नका, आतली नळी ताणली गेली आहे.

हे मशीन तसं नव्हतं. चूक जास्तीत जास्त एक. तीनपर्यंत चालते. तीनदा तपासलं. चौथ्यांदा सगळे घरी जायला निघाल्यावर. एक.

तेव्हा सर्टिफिकेट: सदर उपकरण अचूक असल्याचं प्रमाणित करण्यात येत आहे. खाली सही माझी. सिस्टरनी कागद शांतपणे वाचला, भिंतीला टेपनं चिकटवला आणि माझ्या दंडाला कफ गुंडाळला. १५६ वर ९८. म्हणाल्या, आता काय, मॅडम?

मी म्हटलं, कफ.

सोमवार, १० मार्च. दुपारी २.१५

कफ बरोबर निघाला. मात्र मूळ कारण सापडलं आहे: खुर्ची.

दवाखान्यात पेशंटची पाठ दाराकडे असते. मागून कोण येतंय ते दिसत नाही. अशानं कुणाचंही बीपी वाढेल. लॅबमध्ये माझं तोंड दाराकडे असतं, हॉटेलात मी कोपऱ्यात बसते, सिनेमाला शेवटच्या रांगेत. सगळे असंच करतात असं मी धरून चालले होते. खात्री म्हणून जेवताना लॅबमधल्या दोघींना विचारलं. एक म्हणाली, मी एसीखाली बसते. दुसरी म्हणाली, जिथे चार्जिंग मिळेल तिथे. नमुना फारच लहान होता.

सिस्टरांना विनंती करून खुर्ची फिरवून घेतली. १३९ वर ८९. पास. दुसऱ्या रीडिंगसाठी कफ भरत होता तेवढ्यात त्यांनी औषधांचं कपाट बंद केलं. त्या कपाटाची बिजागरी घट्ट आहे, दार आपटल्याशिवाय लागत नाही.

मी व्हरांड्यात उभी होते. कफ दंडाला, नळी तुटून लोंबत होती. खुर्चीपासून व्हरांड्यापर्यंतची नोंद माझ्याकडे नाही.

सिस्टर ओरडल्या नाहीत. कफ सोडवला, पाणी दिलं, पुन्हा विणायला बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. गप्प माणसाचा अंदाज येत नाही. मी दुपारभर त्यांच्या गप्प बसण्याची वाट बघत होते, म्हणजे ते संपून पुढे काय होतं त्याची. काहीच झालं नाही.

निर्णय: बिजागरीत तेल घालणे. (३.३० ला घातलं.)

बुधवार, १२ मार्च. संध्याकाळी ७.००

धाकट्याचा फोन. तो दर बुधवारी एका समुपदेशक बाईंकडे जातो आणि परत येताना मला फोन करतो. त्याला सातवीपासून पोटाचा त्रास. तीनदा नळी घालून आत पाहिलं, काही नाही. आता म्हणतो, बाई म्हणतात की पोटाला अजून कळलेलंच नाही की ते दिवस संपले. मी म्हटलं, पोटाला कसं कळणार, त्याला कॅलेंडर असतं का? तो हसला. म्हणाला, हेच तर बाई म्हणतात, फक्त त्या तासाभरात म्हणतात.

मग विचारलं, ताई, तुला ती स्कूटर आठवते का?

आठवते. गल्लीच्या तोंडाशी बाबा गिअर बदलायचे. सहज बदलला तर मी अभ्यासाला बसायचे. ओढून बदलला तर धाकट्याला पलंगाखाली घालायचे आणि पलंगपोस खाली ओढायचे. दहातून नऊ वेळा माझा अंदाज बरोबर यायचा. वय आठ. हे मी अभिमानानं लिहिते आहे. ऐकून दोष ओळखायची सवय तिथूनच लागली आणि त्याच सवयीवर आज पोट भरते. दहाव्या वेळेबद्दल त्यानं विचारलं नाही, मीही काढलं नाही.

तो म्हणाला, तुला बाबा यायला नको असतील तर स्पष्ट सांग, मी बघतो काहीतरी. मी म्हटलं, का नको असतील? शिस्तीचे होते, एवढंच.  तो म्हणाला, ताई, तुझं ते मशीन ठीक आहे गं, तूच एकदा सर्व्हिसिंगला जाऊन ये. फाजील आहे.

फोननंतर १५७ वर ९७. हसल्यामुळे. बाद.

आढावा: आजवर घरी एकूण रीडिंग्ज एक्केचाळीस. पैकी बाद एकोणतीस. उरलेल्या बारांची सरासरी ११८ वर ७६. प्रकृती उत्तम.

शनिवार, १५ मार्च

दुपारी ४.१०. जिन्यावर पावलं. तीन मजले मोजले. मध्ये दोनदा थांबली. ही पावलं माझ्या ओळखीची नव्हती, त्यामुळे दार उघडायला उशीर झाला.

बाबा आकसले आहेत. दाराची चौकट त्यांच्या अंगानं पूर्ण भरायची असं मला पक्कं आठवतं. आज वर बरीच जागा उरली. म्हणाले, चप्पल आत काढू की बाहेर? मग, पंखा लावला तर चालेल का? मग, तुझ्या कामात अडचण तर नाही ना झाली, बाळ? मी प्रत्येक वेळी चालेल म्हटलं आणि प्रत्येक वेळी त्यांच्यापासून दोन पावलं लांब उभी होते. घर लहान आहे, तरी ते दोन पावलं अंतर जमलं.

वरच्या मजल्यावरच्या काकू डोकावल्या. बाबांनी त्यांना खुर्ची दिली. काकू मला आत येऊन हळूच म्हणाल्या, किती सालस माणूस गं, नशीबवान आहेस. बाहेर बाबा सांगत होते, दोन्ही मुलं गुणी, मला कधी आवाज चढवायची वेळच आली नाही.

मी ओट्याशी होते. घासलेलं पातेलं परत घासलं. मी लक्ष देऊन ऐकलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटतं. मला भीती वाटली ती याची.

(शेवटचं वाक्य चुकून लिहिलं गेलं. तिथे ‘आश्चर्य’ वाचावे.)

रविवार, १६ मार्च. दुपारी ३.००

अर्धा तास पडले होते. खोलीच्या दाराला कडी. कडीला टेकवून खुर्ची. कारण कडी सैल आहे.

३.१०. कडी तपासली. सैल नाही. खुर्ची राहू दे, वाऱ्यानं दार वाजतं.

३.१२. कडी लावलेलं दार वाजत नाही. ठीक आहे.

मंगळवार, १८ मार्च. दुपारी १२.४०

काल ऑपरेशन झालं, व्यवस्थित. दिवसातून चारदा डोळ्यात थेंब: आठ, बारा, चार, आठ. त्यासाठी हा आठवडा रजा घेतली आहे.

बारा वाजता बाबा पलंगावर उताणे झोपले, मान मागे, उजवा डोळा उघडा. मी वाकले. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका स्क्रू फिरवणारा माझा हात. पहिला थेंब भुवईवर. दुसरा कानात. तिसरा उशीवर. बाबा म्हणाले, होतं असं, घाई नाही. आणि माझं मनगट स्थिर धरायला त्यांनी हात वर केला.

हात वर आला.

पुढची नोंद स्वयंपाकघरातली. फ्रीज आणि भिंत यांच्यामध्ये एक फट आहे, त्यात मी मावते. हे मला आज समजलं. बाबा आतून विचारत होते, बाळ, थेंब संपले का? मी म्हटलं, नाही, झाकण शोधतेय. झाकण माझ्या मुठीत होतं.

काकूंना बोलावलं. त्यांना सांगितलं की निर्जंतुकतेच्या दृष्टीनं एकाच अनुभवी व्यक्तीनं थेंब घालावेत. काकू कोथिंबीर निवडत होत्या. हात कपड्याला पुसले, एका फटक्यात थेंब आत. म्हणाल्या, एवढं शिकून तुला हे येत नाही?

बुधवार, १९ मार्च. संध्याकाळी ५.३०

कारखान्याच्या डॉक्टरांचा निरोप: फेरतपासणीआधी चोवीस तासांचं मशीन लावून बघू. कफ दंडाला बांधलेला राहतो, दर अर्ध्या तासानं आपोआप भरतो, आकडे आतच साठतात. मला त्यातलं काही बाद करता येणार नाही. उत्तम. माझीच मागणी समजा. एवढ्या रीडिंग्जमध्ये सत्य बाहेर येतंच.

नियोजन: उद्या दिवसभर संथ श्वास, मीठ कमी, बाबांशी अंतर दोन मीटर. थेंब काकू घालतील.

गुरुवार, २० मार्च

सकाळी ७.३०. मशीन लागलं.

७.४५. काकूंच्या दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, लेकीकडे गेल्या, शनिवारी येतील.

८.००. थेंब. सहाव्या प्रयत्नात आत. कफ नेमका तेव्हाच भरला. बाबा म्हणाले, तुझ्या हाताला काय गं गुरगुरतंय? मी म्हटलं, कंपनीचं काम.

१२.००. थेंब. चौथ्या प्रयत्नात. बाबांना आधीच सांगून ठेवलं, हात वर करायचे नाहीत. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवले. का, असं विचारलं नाही.

२.२०. बाहेर काहीतरी मोठ्यानं पडलं. स्टीलचं.

२.५०. आता लिहिते. मी न्हाणीघरात होते, आतून कडी. आत काही केलं नाही, फक्त मोजत होते. लहानपणी दोनशेपर्यंत मोजलं की बहुधा शांत व्हायचं. आज चारशे दहाला थांबले, कारण कफ भरायला लागला आणि मीच दचकले. बाहेर आले. बाबा जमिनीवर गुडघ्यांवर बसून फडक्यानं पाणी पुसत होते. एका डोळ्याला दिसत नाही, हात पेल्याला लागला. मला बघून म्हणाले, चुकलं माझं, चुकलं, आत्ता पुसतो. चार वेळा म्हणाले. ते माझ्याकडे वर बघत होते आणि मला तो चेहरा माहीत होता. तो आमचा होता, धाकट्याचा आणि माझा.

वाटलं, आता माफी मागितली तर आहे. पण ती पेल्याबद्दल होती.

४.००. थेंब. आठ प्रयत्न.

८.००. थेंब. मोजले नाहीत.

मंगळवार, २५ मार्च. दुपारी १२.१५

डॉक्टरांच्या टेबलावर माझा आलेख. सपाट जमीन, त्यावर चार डोंगर, आणि दुपारी अडीचला एक सुळका.

डॉक्टरांनी विचारलं, आठ, बारा, चार, आठ, या वेळांना काय करत होतात? मी म्हटलं, घरकाम. कसलं? डोळ्यात औषध घालत होते. कुणाच्या? पेशंटच्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज न करता ठेवलं, म्हणून लिहून ठेवते. म्हणाले, मशीनबद्दल काही शंका? सिस्टर मागे विणत बसल्या होत्या. त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. मी म्हटलं, नाही.

मग त्यांनी माझा फॉर्म उलटला. ‘लहानपणी काही गंभीर दुखापत’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं होतं. ते म्हणाले, डावं मनगट जुनं मोडलेलं दिसतंय. मी म्हटलं, अकराव्या वर्षी जिन्यावरून पडले. तेव्हाच्या हॉस्पिटलच्या कागदावरही तसंच लिहिलंय. तो कागद मीच भरला होता, कारण आईचा हात थरथरत होता, बाबा बाहेर बसले होते, आणि माझं अक्षर चांगलं. उजवा हात शाबूत होता.

आमच्या घराला जिना नव्हता.

हे शेवटचं वाक्य मी मनात म्हटलं अशी माझी समजूत होती. पण डॉक्टर ‘बरं’ म्हणाले, आणि सिस्टरांच्या सुया थांबल्या. तेव्हा मोठ्यानं म्हटलं असावं.

निकाल: साइटसाठी सध्या अयोग्य. एक गोळी, तीन महिन्यांनी फेरतपासणी, आणि चिठ्ठीवर एक फोन नंबर. टीमप्रमुख आता माझ्या शेजारच्या बेंचवरचा, जो गेज तिरकं बघून वाचतो.

शनिवार, २९ मार्च. सकाळी ११.४०

बाबा आज गेले. बुधवारी हॉस्पिटलनं डाव्या डोळ्याची तारीख दिली, १२ जून. तेव्हापासून मी एक वाक्य तयार केलं होतं: बाबा, जूनमध्ये मला जमणार नाही. पाच शब्द. आरशासमोर तीन दिवस सराव केला. शेवटच्या सरावाला नाडी ८६, आवाज स्थिर. संपूर्ण तयारी होती.

दारात बाबा म्हणाले, तुझी बदली रद्द झाली ते एका अर्थी बरंच झालं, डाव्या डोळ्याची सोय झाली. काळा चष्मा, हातात पिशवी. मी तोंड उघडलं. म्हटलं, गाडी आलीय.

गाडी आली नव्हती. आम्ही दोघं खाली फाटकापाशी अकरा मिनिटं उभे होतो, दोन पावलं अंतरानं. ते म्हणाले, छान हवा आहे. मी म्हटलं, हो. वर येऊन कॅलेंडरवर १२ जूनला मीच गोल केला.

११.२०. चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. पलीकडे रिसेप्शनवरची मुलगी. त्रास काय? बीपी. कधीपासून? मी अठ्ठावीस फेब्रुवारी म्हणणार होते. तोंडातून निघालं, पाच वर्षांची असल्यापासून. मला वाटलं आता ती काहीतरी विचारेल, आणि मी ओट्याची कड धरून ठेवली. पण नुसता टाइप करण्याचा आवाज आला. म्हणाली, गुरुवारी साडेचार, आणि येताना जुने कागद असतील तर आणा.

मी म्हटलं, एक आहे, पण त्याच्यावर लिहिलंय ते खोटं आहे.

ती म्हणाली, चालेल. ओरिजिनल आणि एक झेरॉक्स.